बेबीआत्याचा पंप

आमच्या बेबीआत्याने उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच घरात कुणालाही न विचारता एक मोठी गोष्ट केली. तिने पेट्रोल पंप विकत घेतला. म्हणजे अख्खा पंप नव्हे. देशभर पंप आणि पंपाला लागून चोवीस तास उघडी दुकानं चालवणारी एक कंपनी आहे, तिचे शेअर घेतले. पण हा फरक आमच्या घरात कुणाच्या डोक्यात नीट शिरलाच नाही. बातमी कळल्यावर आई शेजारी जाऊन 'बेबीताईंनी पंप घेतला' असंच सांगून आली, आणि शेजारच्या काकूंनी पेट्रोल स्वस्त मिळेल का, ते लगेच विचारून घेतलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण साठी जवळ आली तरी सगळे तिला बेबीच म्हणतात. तरुणपणीच तिचं लग्न मोडलं आणि ती भावाकडे परत आली, तेव्हापासून ती आमच्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायची. टीव्ही बंद झाल्याशिवाय तिला आडवं होता यायचं नाही. पाहुणे रेंगाळले की ती त्यांच्यासमोर बसून हसतमुखाने जांभया गिळायची. तिचे कपडे आईच्या कपाटातल्या खालच्या खणात असायचे. तिला कुणी छळलं, टोचून बोललं, असं मुळीच नाही. बाबांचा तिच्यावर फार जीव. पण बाबांचं असं आहे, की ज्याच्यावर त्यांचा जीव जडतो त्याच्या वतीने ते सगळं ठरवून मोकळे होतात.

आत्याने हॉस्पिटलच्या शिवणखोलीत नोकरी केली. फाटलेल्या चादरी, उसवलेले गाऊन, उशांचे अभ्रे, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. नोकरीचा काय, बँकेचा काय, कुठलाही कागद आला की तो आधी बाबांकडे जायचा. बाबा चष्मा लावून वाचायचे, स्वच्छ अक्षरात भरायचे आणि सही करायच्या जागी पेन्सिलने बारीक फुली मारायचे. आत्या फुलीवर सही करायची. तिला वाचता येत नव्हतं असं नाही, रोजच्या पेपराचा ती माझ्याआधी फडशा पाडून मोकळी व्हायची. पण एकदा पद्धत पडली की पडली. मला तर लहानपणी वाटायचं, सही करायला पेन्सिलीची फुली लागतेच.

ती निवृत्त झाली आणि तिचे पैसे आले, तेव्हा बाबांची योजना तयारच होती. बाल्कनी काचा लावून बंद करायची आणि तिथे 'बेबीची खोली' करायची. त्यांनी टेप घेऊन मापं काढली, नकाशा काढला. नकाशात आत्याच्या खाटेशेजारी बाबांचं कॉम्प्युटरचं टेबल होतं, पुस्तकांचं कपाट होतं, आणि व्यायामाची सायकलसुद्धा होती. मी म्हटलं, एवढ्यात आत्या उभी राहणार कुठे? बाबा म्हणाले, झोपायला कशाला उभं राहायला लागतं.

आणि मग एका संध्याकाळी आत्याने भाजी निवडता निवडता सांगितलं, की पैसे तिने गुंतवले. बहुतेक सगळे. बाबांच्या हातातला टेप सरकन आत गेला.

घर डोक्यावर घेणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. बाबा बाल्कनीत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेअर हा जुगार आहे, मोठमोठे लोक त्यात बुडाले, हे तिला सांगत होते आणि आईकडे बघून तूही काही बोल असं खुणावत होते. आई कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, निदान मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर नको म्हणाला असतास दादा," आत्या म्हणाली आणि खराब शेंगा बाजूला काढत राहिली.

आता पंपच का, हे मी तिला नंतर खोदून खोदून विचारलं. हॉस्पिटलच्या अगदी समोर, रस्ता ओलांडला की या कंपनीचा पंप आहे. त्याच्या दुकानात खिडकीशी एक उंच टेबल आणि दोन स्टूल आहेत. कामावर जायच्या आधी आत्या रोज तिथे कागदी कपातला चहा घेऊन बसायची. घरातून निघालेली, शिवणखोलीत न पोचलेली, अशी ती मधली वेळ. तेवढ्या वेळात तिला कुणी हाक मारायचं नाही. हॉस्पिटलचा एक्स-रेवाला शेअर घ्यायचा-विकायचा, त्याला तिने पैसे कुठे ठेवू म्हणून विचारलं. त्याने मोठमोठ्या कंपन्यांची नावं घेतली. आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि समोर बोट दाखवून विचारलं, "यांचे मिळतात का?" मिळत होते. एक्स-रेवाल्याने सगळे पैसे एकाच ठिकाणी घालू नका म्हणून कपाळ बडवलं, आणि तो बरोबरच बोलत होता. पण बाई पेटली होती.

मग सुरू झाली मालकी. शेअर घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती पंपावर गेली आणि सगळ्या बरण्या, डबे, बाटल्या नाव पुढे येईल अशा फिरवून ठेवल्या. जमिनीवरचं चॉकलेटचं वेष्टण उचललं. एक जण पेट्रोल भरताना फोनवर बोलत होता, त्याला दटावलं. काउंटरवरची बाई तोंडाची तिखट, पण मनाने मोकळी. तिने विचारलं, हे काय चाललंय? आत्याने हळू आवाजात सांगितलं, की मी इथले शेअर घेतलेत. ती बाई खो खो हसली आणि त्या दिवसापासून आत्याला मालकीणबाई म्हणू लागली. गिऱ्हाइकांना खरेदीवर सूट देणारं एक कार्ड त्या दुकानात मिळायचं. आत्याकडे ते वर्षानुवर्षं होतं. तिने ते परत केलं. आपल्याच दुकानात आपण सूट कशी घ्यायची, हा तिचा प्रश्न होता आणि त्याला मी काय उत्तर देणार, कप्पाळ!

हे खूळ संसर्गजन्य निघालं. महिनाभर धुसफुस केल्यावर बाबाही वाट वाकडी करून तिथेच पेट्रोल भरायला लागले. पैसे देताना म्हणायचे, घरातलं घरात. आई टूथपेस्ट तिथून आणायला लागली, दुप्पट किमतीत. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तिथल्या डॉक्टरांची गाडीसुद्धा मी त्या पंपाकडे वळवली. आम्ही चौघांनी मिळून जेवढं त्या दुकानात उडवलं त्याच्या पासंगालाही पुरेल इतका लाभांश कधी आला नाही. पण जेव्हा तो पहिल्यांदा आला, तेव्हा आत्याने त्यातून आम्हा सगळ्यांना कागदी कपातला चहा पाजला, खिडकीशी, उभ्याने. तिचा रुबाब बघण्यासारखा होता.

नंतर भाव पडला. चांगलाच आपटला. विजेच्या गाड्या येणार, पेट्रोल कोण विचारणार, अशी हवा झाली होती. बाबांना दुःख आणि आनंद एकदमच झाला आणि दोन्ही लपवता येईनात. आत्या म्हणाली, गाडी चार्ज व्हायला वेळ लागतो, तेवढ्या वेळात लोक दुकानात येतील, उलट धंदा वाढेल. मी तिच्या अकलेवर खूष झाले. पंपावर चार्जिंगची यंत्रं बसली, आणि लोक काचा वर करून गाडीतच फोन बघत बसायला लागले. धंद्यात काडीचा फरक पडला नाही. आत्या काही दिवस त्यांच्या काचांवर टकटक करून चहा ताजा आहे असं सांगत होती, शेवटी मॅनेजरने हात जोडले.

अशी दोनेक वर्षं गेली, आणि एके सकाळी मी दवाखान्यात बसलेली असताना एक्स-रेवाल्याचा फोन आला. त्याचा आवाज चिरकत होता. एक भलीमोठी परदेशी कंपनी हे सगळे पंप आणि दुकानं विकत घ्यायला निघाली होती. बाजारात आहे त्याच्या दीडपटीहून जास्त भाव द्यायला तयार होती. मी समोरच्या पेशंटला तसाच आ वासलेला सोडून बाहेर पळाले आणि आत्याला फोन लावला. तिला कळलं होतं. ती पंपावरच होती. मागे काउंटरवरची बाई कुणाला तरी ओरडून सांगत होती, आमची मालकीणबाई श्रीमंत झाली म्हणून.

त्या संध्याकाळी आमच्या घरात लग्नघरासारखा गलका होता. बाबा आता 'आपला शेअर' म्हणत होते. आपण योग्य वेळी योग्य जागी पैसे घातले, असं ते फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगत होते. भाव आणखी चढावा म्हणून त्यांनी पंपावरून काच पुसायच्या द्रवाचे सहा डबे आणले. द्यायचा भाव आधीच ठरलाय, तुमच्या डब्यांनी काही होणार नाही, हे मी परोपरीने समजावलं. हातभार लावायला काय जातं, म्हणाले. मग टेप निघाला आणि बाल्कनीची मापं पुन्हा घेतली गेली. आता तर काचा दुहेरी लावायच्या होत्या.

आत्याचे डोळे लकाकत होते. दुसऱ्या दिवशी ती मला 'जरा चल' म्हणून घेऊन गेली. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर एक घर विकायला होतं. घर कसलं, एक खोली, कोपऱ्यात ओटा, आणि हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढी मोरी. भिंतींच्या रंगाचे पोपडे निघालेले. आत्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने स्वतःभोवती एक चक्कर घेतली. म्हणाली, "दादाला इतक्यात बोलू नकोस हं. नवीन भाव मिळाला तरच जमेल. जुन्या भावात नाही जमायचं." मी तिला घट्ट मिठी मारली. मला रडू आलं, तिला हसू आलं.

आणि इथेच खरी गोम होती. हा व्यवहार व्हायचा की नाही, ते भागधारकांच्या सभेत मतांनी ठरायचं होतं. पेपरात येत होतं, की बरेच जण विरोधात आहेत, त्यांना आणखी जास्त भाव हवाय. सभेने नाही म्हटलं तर भाव पुन्हा होता तिथे घसरणार, आणि ती खोली गेली. मात्र बाजारात त्याच दिवशी विकले असते तर नव्या भावाच्या थोडा खाली, पण खोलीपुरता खात्रीचा पैसा होता. एक्स-रेवाला म्हणाला, विका. बाबा म्हणाले, विक. मीही म्हटलं, आत्या, हावरटपणा नको, विकून टाक आणि खोली घे.

तिने पर्समधून कंपनीचं पत्र काढलं. सभेचं बोलावणं होतं, तिच्या खऱ्या नावाने आलेलं.

"हावरटपणा नाही गं," ती म्हणाली. "त्यांनी मला विचारलंय. एवढा मोठा कारभार विकायचा, तर तुझं मत काय, असं मला विचारलंय. मला आजवर कुणी काही विचारलं नाही. आणि आता विचारलंय तर मी आधीच विकून निघून जाऊ?"

मला तिचा राग आला आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम. कुणी शहाणं माणूस असं करणार नाही. पण ज्याला रोज विचारलं जातं त्याला हे कळणारही नाही.

बाबांनी यावर तोडगा काढला. सभेला स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्याला पाठवायचा एक अर्ज पत्रासोबत होता. बाबांनी तो भरला, पाठवायच्या माणसाच्या जागी स्वतःचं नाव घातलं, खाली पेन्सिलने फुली मारली आणि पेनसकट आत्यापुढे ठेवला. तू कशाला दगदग करतेस, म्हणाले. आत्याने फुलीकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि अर्ज घडी घालून परत दिला. "मीच जाते दादा."

सभा एका मोठ्या हॉटेलात होती. बाबांनी माझ्या ताईच्या लग्नातला सूट घातला होता, बटणं लागत नव्हती. आत्याने स्वतः शिवलेला नवा ब्लाउज घातला होता. दारावरच्या माणसाने आत्याचं पत्र पाहिलं, तिचं खरं नाव आदराने उच्चारलं आणि तिच्या हातात मत द्यायचं छोटंसं यंत्र दिलं. मागोमाग बाबा ऐटीत निघाले. माणसाने हात आडवा केला. बाबा म्हणाले, मी तिचा भाऊ. तो म्हणाला, आत फक्त भागधारक. बाबांनी पुन्हा सांगितलं, की सगळं मीच बघतो. तो माणूस फार नम्र होता. त्याने बाहेरच्या सोफ्याकडे बोट केलं.

आत्याने एकदा मागे वळून आमच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. दार मिटलं.

आम्ही सोफ्यावर बसलो. आतून टाळ्या ऐकू येत, मग कुणीतरी चढ्या आवाजात बोले, मग गलका. बाबा सूटचं बटण लावायचे, सोडायचे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तिला ते यंत्र कळलं असेल ना गं?" मी म्हटलं, बाबा, तिने जन्मभर मशीन चालवलंय.

दार उघडलं आणि लोकांचा लोंढा बाहेर आला. आत्या दिसेना. मग दिसली, गर्दीतून वाट काढत, चेहरा लालबुंद. ठराव पास झाला होता! काठावर पास झाला होता, पण झाला होता. ती धडाधडा सांगत सुटली. एका आजोबांनी बिस्किटांचा पुडा लहान झाल्याची तक्रार केली. दुसऱ्याने व्यवहार मोडीत काढा म्हणून आरडाओरडा केला आणि अर्ध्या सभेने टाळ्या वाजवल्या, तेव्हा तिला वाटलं, गेली खोली. आणि मग, कशी कोण जाणे, ती स्वतः माइकपाशी गेली आणि नव्या मालकांना सांगून आली, की काहीही करा, पण दुकानातलं खिडकीचं टेबल काढू नका. अध्यक्षांनी सूचनेची नोंद घेतली असं म्हटलं. मग तिने होकाराचं बटण दाबलं. आपण आता मालकीण राहिलो नाही, हे तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

बाबांना गगन ठेंगणं झालं होतं. त्यांनी फोन काढला. "थांब, आधी काचवाल्याला कळवतो."

"नको कळवूस दादा," आत्या म्हणाली. "मी घर बघितलंय. एक खोली आहे. हॉस्पिटलच्या मागे."

बाबांना आधी कळलंच नाही. मग कळलं. आजूबाजूला लोक एकमेकांचे हात हातात घेत होते, फोटो काढत होते, आणि बाबा सुटलेल्या बटणाच्या सुटात उभे होते. "माझ्या घरात तुला काय कमी पडलं?" त्यांनी विचारलं. खरंच विचारत होते, त्यांना ठाऊक नव्हतं.

"काही नाही. कधीच काही कमी पडू दिलं नाहीस तू," आत्या म्हणाली. "पण दादा, मला एकदा दार आतून लावून बसायचंय."

घरी येताना रागाने गाडी वळवून बाबांनी दुसऱ्याच कंपनीच्या पंपावर पेट्रोल भरलं. आत्या आणि मी मागच्या सीटवर एकमेकींकडे बघायचं टाळत होतो, कारण हसू फुटलं असतं तर धडगत नव्हती.

पैसे आले, घर झालं. कागद आत्याने स्वतः वाचले, दोनदोनदा वाचले, आणि घराच्या दलालाचा जीव मेटाकुटीला आणला. सामान हलवायला मी आणि आई होतो, काउंटरवरची बाईही सुट्टी टाकून आली आणि तिने सगळे डबे नावं पुढे करून मांडून दिले. बाबा आले नाहीत. त्यांची पाठ दुखत होती म्हणे. पुढे कितीतरी दिवस हॉलमधल्या रिकाम्या दिवाणावर ते बसत नव्हते आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नव्हते.

मग एका रविवारी मी आत्याकडे गेले होते. तिने भिंतींना फिका रंग दिला होता, खाली शिंप्याचं मशीन चालू होतं. आत्याचा फोन वाजला. बाबा होते. खाली रस्त्यावर उभे होते, मला खिडकीतून दिसले, हातात फळांची पिशवी. आमच्या घरात बाबांनी कधी कुणाला 'येऊ का' विचारल्याचं मला आठवत नाही. ते विचारत होते, "बेबी, वर येऊ का?"

आत्या खिडकीशी आली. तिने खाली पाहिलं. तिच्या घरात आवरायचं काहीही नव्हतं, चहाचे कपसुद्धा विसळून पालथे घातलेले होते.

"थोड्या वेळाने ये दादा," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून, काहीएक न करता. मी बोलायला गेले तर तिने मला गप्प केलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता, की भावाला तो दिसला असता तर बिचाऱ्याला वाईट वाटलं असतं. खाली बाबा पिशवी या हातातून त्या हातात घेत फुटपाथवर येरझाऱ्या घालत होते. पोटभर बसून झाल्यावर ती उठली आणि तिने दार सताड उघडून ठेवलं. खिडकीतून हात केला. जिन्यात बाबांच्या चपलांचा आवाज आला, तो उंबऱ्यापाशी थांबला.

समोर दार उघडं होतं. आत आम्ही दोघी त्यांना दिसत होतो. तरी बाबांनी बेल वाजवली.